कण्हेरीच्या पतंगाची कुळकथा

वास्कोमध्ये श्रीदामोदराच्या सप्ताहाची गर्दी ओसरली आणि श्रावणाच्या सरी थोड्या विरळ झाल्या, की बायणा, मंगूर, चिखली अशा भागांतील एखाद्या घराच्या अंगणात एक लहानसे प्रकरण उपस्थित होते. काल-परवापर्यंत पानांनी भरलेल्या तगरीच्या दोन-तीन फांद्या अचानक बोडक्या झालेल्या दिसतात. घरची गृहिणी प्रथम शेजारच्या बकरीवर संशय घेते, मग मुलांना विचारते. मुले कानांवर हात ठेवतात. अखेर झाडाखालच्या फरशीकडे लक्ष जाते. तेथे मिऱ्याच्या दाण्याहून थोडे मोठे, उभ्या खाचा असलेले काळपट हिरवे गोळे पडलेले असतात. ते जेथे पडले त्याच्या बरोबर वर दृष्टी नेली, की पानांच्याच रंगाचा, माणसाच्या बोटाएवढा जाड असा एक सुरवंट फांदीला घट्ट धरून बसलेला आढळतो. त्याच्या डोक्यामागे निळ्या रंगाचे दोन मोठे डोळे वटारलेले असतात आणि शेपटीच्या टोकाला एक आखूड, पिवळसर शिंग असते. बहुतेक घरांत या प्रकरणाचा निकाल केरसुणीने लागतो.

याच घराच्या पडवीत काही दिवसांनी दुसरा एक प्रसंग घडतो. तिन्हीसांजेला दिवा लावल्यावर भिंतीवर एक मोठा पतंग येऊन बसतो. त्याचे पंख पसरले तर चार बोटांहून अधिक रुंद भरतात. त्यांवर शेवाळी हिरव्या, पांढुरक्या आणि फिकट गुलाबी रंगांच्या लाटा अशा काही उठलेल्या असतात, की जणू संगमरवराचा एखादा मौल्यवान तुकडाच कोणी कोरून ठेवला आहे. त्याच गृहिणी आता मुलांना हाका मारून बोलावतात, दिवा मालवू नका म्हणून सांगतात, आणि सर्व कुटुंब त्या पाहुण्याचे कौतुक करीत उभे राहते. फांद्या ओरबाडणारा तो चोर आणि भिंतीवरचा हा पाहुणा या एकाच जीवाच्या दोन अवस्था आहेत, ही गोष्ट त्या घरात सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

यात त्या घराचा फारसा दोष नाही. ही साधी वाटणारी ओळख पटवून घेण्यास मनुष्यजातीला पुष्कळ काळ लागला आहे. रेशमाचा किडा कोश विणतो आणि त्यातून पतंग बाहेर पडतो, हे चीनमधील शेतकऱ्यांना हजारो वर्षांपूर्वीच ठाऊक होते, कारण त्या ज्ञानावर त्यांचे पोट चालत होते. परंतु ज्या किड्यापासून रेशीमही मिळत नाही आणि मधही मिळत नाही, त्याचे बालपण पाहत कोण बसणार? सतराव्या शतकापर्यंत युरोपातील विद्वान मंडळींतही असा समज दृढ होता, की क्षुद्र किडे कुजलेल्या पदार्थांतून वा चिखलातून आपोआप उत्पन्न होतात. १६६८ साली फ्रान्सेस्को रेडी या इटालियन वैद्याने मांसाची भांडी काही उघडी आणि काही झाकलेली ठेवून दाखवून दिले, की माशी बसू दिली नाही तर मांसात अळ्या होत नाहीत. पुढच्याच वर्षी हॉलंडातील यान स्वामरडाम याने कीटकांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. अळी, कोश आणि पंखधारी कीटक ही तीन निराळी जनावरे नसून एकाच प्राण्याची क्रमाने होणारी वाढ आहे, असे त्याने प्रतिपादन केले.

तथापि तत्त्व सिद्ध होणे वेगळे आणि प्रत्येक जातीची हकीकत प्रत्यक्ष पाहून लिहिणे वेगळे. या दुसऱ्या कामाचा पाया घालण्यात एका स्त्रीचा वाटा फार मोठा आहे. मारिया सिबिला मेरियान ही जर्मन चित्रकर्ती वयाच्या बावन्नाव्या वर्षी, १६९९ साली, आपल्या मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेतील सुरिनामला गेली. तेथील रानांतून आणि बागांतून तिने अळ्या गोळा केल्या, घरी आणून वाढविल्या, आणि कोशातून काय निघते ते डोळ्यांनी पाहून रंगविले. १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात पानापानावर पतंग, त्याची अळी, त्याचा कोश आणि ती अळी ज्या झाडावर जगते ते झाड अशी सर्व मंडळी एकत्र चितारलेली आहेत. कीटकाला त्याच्या झाडापासून तोडून पाहू नये, हा धडा तिने चित्रांतून घालून दिला.

आपल्या तगरीवरच्या पतंगाला शास्त्रीय नाव मिळाले ते १७५८ साली. त्या वर्षी कार्ल लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना दोन पदांची नावे देण्याची पद्धत सर्वत्र लागू केली. आपल्या पतंगाचे त्याने ‘स्फिंक्स नेरिई’ असे नामकरण केले. पुढे १८१९ साली ह्यूब्नर या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने या जातीसाठी ‘डॅफ्निस’ ही प्रजाती निर्माण केली आणि आज हा पतंग ‘डॅफ्निस नेरिई’ याच नावाने ओळखला जातो. लिनियसच्या नावातील दोन्ही शब्द विचार करण्यासारखे आहेत. या कुळातील अळी त्रास झाला असता शरीराचा पुढचा भाग उचलून आणि मस्तक आत ओढून निश्चल बसते. ती बैठक मिसर देशातील स्फिंक्सच्या पुतळ्यासारखी दिसते, म्हणून पहिला शब्द आला. दुसरा शब्द ‘नेरियम’ म्हणजे कण्हेर या झाडावरून आला आहे. म्हणजे पतंगाला जे नाव मिळाले त्याच्या दोन्ही पदांत वस्तुतः त्याच्या अळीचीच हकीकत आहे: ती कशी बसते आणि काय खाते. पंखांच्या त्या अपूर्व रंगांचा नावात उल्लेखही नाही.

या अळीच्या आहाराची वनस्पती आपल्या भागात नवी नाही. कण्हेर, तगर, सदाफुली, रानातील सातवीण आणि डोंगरावरची करवंद ही सर्व एकाच कुळातील झाडे होत. त्यांपैकी बहुतेकांचे पान तोडले असता पांढरा चीक येतो. देवपूजेला फुले हवीत म्हणून कण्हेर आणि तगर घरोघर लावली जातात. हेंड्रिक व्हान रेडे या डच अधिकाऱ्याने मलबारातील वनस्पतींवर जो ‘होर्तुस मलाबारिकुस’ नावाचा बारा खंडांचा ग्रंथ तयार करविला आणि जो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅम येथे छापला गेला, त्यात कण्हेर आणि तगर या दोन्ही झाडांची चित्रे आहेत. त्या ग्रंथास साहाय्य करणाऱ्यांत रंग भट, विनायक पंडित आणि अपु भट हे कोचीनचे तीन कोंकणी वैद्य होते आणि त्यांची नागरी लिपीतील साक्ष पहिल्या खंडात छापलेली आहे. ज्या कोंकणी समाजाची मुळे गोव्यात होती, त्याच्या वैद्यांना या झाडांचे गुणदोष उत्तम ठाऊक होते. झाडांची नोंद अशा रीतीने सतराव्या शतकातच झाली. त्यांवर जगणाऱ्या अळ्यांचा वृत्तांत मात्र या किनाऱ्यावर लिहिला जाण्यास आणखी दोनशे वर्षे जावी लागली.

तो वृत्तांत लिहिला गेला, ते ठिकाण वास्कोपासून फार दूर नाही. काणकोण ओलांडून, पोळ्याची सीमा मागे टाकून दक्षिणेकडे गेले, की काळी नदीच्या पलीकडे कारवार लागते. त्या काळी उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे तीन सरकारी अधिकारी एकत्र आले. जेम्स डेव्हिडसन हे कलेक्टर, ई. एच. एटकेन हे जकात व मीठ खात्यातील, आणि टॉमस रीड डेव्हिस बेल हे जंगल खात्यातील. एटकेन यांचा जन्म १८५१ साली साताऱ्याचा. १८८३ साली मुंबईत जी निसर्ग अभ्यासकांची संस्था, म्हणजे ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’, स्थापन झाली, तिच्या आठ संस्थापकांपैकी ते एक होते. त्या आठांतच डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन नामांकित महाराष्ट्रीय डॉक्टरही होते, हे आपल्याकडे पुष्कळांस माहीत नसते.

कारवारच्या या तिघांनी आपल्या जिल्ह्यातील फुलपाखरांवर जी लेखमाला लिहिली ती १८९६-९७ च्या सुमारास त्या संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तिचे वैशिष्ट्य असे, की पंखांच्या वर्णनावर ती थांबत नाही. अंडी कशी असतात, अळी कोणते पान खाते, कोश कोठे बांधते, याचा तीत तपशील आहे. टाचणीने टोचून पेटीत ठेवलेला कीटक फक्त आपले रूप सांगतो. तो काय खाऊन वाढला, हे त्याला जिवंत पाळल्यावाचून समजत नाही. डबे, पेट्या, रोज ताजा पाला आणि अपार सहनशीलता एवढ्या भांडवलावर हे काम चालले.

बेल यांचा जन्म १८६३ साली आयर्लंडमध्ये झाला. १८८४ साली ते जंगल खात्याच्या नोकरीसाठी हिंदुस्थानात आले. मुंबई इलाख्याच्या जंगल खात्यातील वरिष्ठ पदापर्यंत चढून १९२० साली ते निवृत्त झाले, तेव्हा स्वदेशी परत न जाता कारवारलाच राहिले आणि १९४८ साली तेथेच त्यांचे निधन झाले. निवृत्तीनंतर मेजर एफ. बी. स्कॉट यांच्या सहकार्याने त्यांनी एक मोठा ग्रंथ सिद्ध केला. ज्या कुळाला इंग्रजीत ‘हॉक मॉथ’, म्हणजे ससाण्यासारखा वेगाने उडणारा पतंग, असे म्हणतात, त्या सबंध कुळाचे वर्णन करणारा हा ग्रंथ ‘ब्रिटिश हिंदुस्थानातील प्राणी’ या मालेत १९३७ साली प्रसिद्ध झाला. याच मालेत सर जॉर्ज हॅम्पसन यांनी १८९२ पासून पतंगांवर चार खंड लिहिले होते. त्यांच्या मागून आलेल्या या पाचव्या खंडात अळ्या आणि कोश यांच्या माहितीने जी पाने भरलेली आहेत, ती कारवारच्या आसपासच्या रानांनी आणि अंगणांनी पुरविलेली आहेत. कण्हेरीचा पतंग त्याच कुळातील असल्याने त्याचाही वृत्तांत त्यात आला आहे.

हा वृत्तांत थोडक्यात असा. मादी संध्याकाळनंतर झाडाभोवती घिरट्या घालते आणि कोवळ्या पानांवर एकेक सुटे, फिकट हिरवे, गोल अंडे घालते. सर्व अंडी ती एके ठिकाणी ठेवीत नाही, त्यामुळे पिलांना एकमेकांच्या तोंडचे पान हिसकावून घ्यावे लागत नाही. काही दिवसांनी अंड्यातून तीन-चार मिलिमीटर लांबीची पिवळी अळी बाहेर पडते. तिच्या शेपटीवरचे काळे शिंग केसासारखे बारीक आणि शरीराच्या मानाने फारच लांब असते. पान खाऊ लागली, की तिचा रंग हिरवा होतो. अळी वाढते पण तिची कातडी वाढत नाही. म्हणून ती चार वेळा जुनी कात टाकते आणि प्रत्येक वेळी नव्या, ऐसपैस कातडीत शिरते. अखेरच्या अवस्थेत ती सात-आठ सेंटिमीटर लांब होते. दोन्ही बाजूंना पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेला एक पट्टा असतो आणि छातीवर ते दोन निळे डोळे उमटतात. ते खरे डोळे नव्हेत. खरे डोळे बारीक असून खाली मस्तकावर असतात. एखादा पक्षी जवळ आला, की अळी मस्तक आत ओढून घेते, छातीचा भाग फुगतो, आणि निळे डोळे एकदम मोठे होऊन समोर येतात. पक्ष्याला त्या ठिकाणी क्षणभर सापाचे तोंड दिसत असावे.

पोट भरले म्हणजे अळीचा हिरवा रंग मावळून पाठीवर तपकिरी छटा चढते आणि ती झाड सोडून खाली उतरते. घरातील माणसांना वाटते, की कीड आपोआप गेली. वास्तविक ती पडलेल्या पानांच्या आडोशाला काही धागे विणून, विरळसे कोशगृह करून त्यात निजलेली असते. आपल्याकडील उष्ण हवेत साधारणतः दोन आठवड्यांच्या आसपास कोश फुटतो, ओले मिटलेले पंख हळूहळू पसरतात आणि पतंग अंधारात उडून जातो. पुढील आयुष्यात तो पान खात नाही. लांब सोंड बाहेर काढून, पंखांचा वेग इतका की ते दिसू नयेत अशा रीतीने हवेत स्थिर राहून, तो संध्याकाळी उमलणाऱ्या जाईजुईसारख्या सुगंधी फुलांतील मध शोषतो आणि त्या खटाटोपात एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलावर नेतो.

या जीवनक्रमातील सर्वांत गूढ भाग म्हणजे त्याचे जेवण. कण्हेर हे भयंकर विषारी झाड आहे. तिची पाने खाऊन गुरे दगावतात आणि माणसाच्या हृदयाचे ठोके तिच्या विषाने बिघडतात. तेच पान ही अळी दिवसरात्र खाते, हे कसे? शरीरातील पेशी सोडियम हा क्षार बाहेर आणि पोटॅशियम हा क्षार आत घेत राहतात. हे काम करणारी जी यंत्रणा असते, तिलाच कण्हेरीचे विष जखडून टाकते. चिकाच्या झाडांवर वाढणाऱ्या काही फुलपाखरांत ही यंत्रणाच अशी बदललेली असते, की विष तिला धरू शकत नाही. कण्हेरीच्या पतंगाचेही तसेच असावे, अशी अपेक्षा होती. परंतु २००९ साली हॅम्बुर्ग येथील संशोधकांनी तपासून पाहिले तेव्हा आढळले, की याची यंत्रणा मुळीच बदललेली नाही आणि विषापुढे ती अत्यंत नाजूक आहे. पुढील संशोधनात असे दिसून आले, की त्याच्या मज्जातंतूंभोवतीचे आवरणच विषाला आत शिरू देत नाही. आतील माणसे दुबळी, पण कोटाचा तट भक्कम, असा हा प्रकार आहे. एवढा मोठा ग्रंथ लिहिला गेल्यानंतर सत्तराहून अधिक वर्षांनी ही गोष्ट उजेडात यावी, यावरून एका सामान्य सुरवंटाच्या पोटात किती प्रश्न शिल्लक राहू शकतात याची कल्पना येते.

हा पतंग केवळ गोव्याचा वा कोंकणाचा रहिवासी आहे, असेही नाही. आफ्रिका, अरबस्तान, भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशिया एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात तो आढळतो. उन्हाळ्यात काही पतंग आफ्रिकेकडून भूमध्य समुद्र ओलांडून युरोपात जातात, आणि क्वचित इंग्लंडपर्यंतही पोहोचतात. तेथील हिवाळा त्याच्या संततीला सोसत नाही. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर तो १९७४ साली प्रथम आढळला आणि तेथील बागांतून लावलेल्या कण्हेरींवर स्थायिक झाला. माणसाने शोभेसाठी कण्हेर जगभर नेली आणि तिच्या पाठोपाठ तिचा हा जुना भाडेकरूही पोहोचला. वास्को शहराला ज्या दर्यावर्दीचे नाव आहे, त्याच्या १४९८ सालच्या प्रवासाच्या कथा मुले शाळेत वाचतात. त्याच शहराच्या अंगणात असाच समुद्र ओलांडणाऱ्या एका जातीचे मूल तगरीची पाने खात बसलेले असते.

त्या मुलाचे शत्रू मात्र पुष्कळ आहेत. पक्षी त्याला टिपतात, परोपजीवी माश्या त्याच्या अंगावर वा अंगात आपली अंडी घालतात, आणि पंख फुटल्यावर वटवाघळे त्याच्या मागे लागतात. मादीने घातलेल्या अंड्यांपैकी फार थोडी पतंगाच्या अवस्थेपर्यंत पोहोचतात. या सर्व शत्रूंत आता बाटलीतून फवारलेल्या औषधाची भर पडली आहे. अंगणात औषध मारल्यावर अळीबरोबर तिला आळा घालणाऱ्या त्या माश्याही मरतात, आणि पुढच्या खेपेस जी अळी येते तिला शत्रूच उरत नाही. उलट पक्षी, तगरीसारखे काटक झाड दोन-तीन फांद्या बोडक्या झाल्याने मरत नाही. पावसाळ्यात तिला थोड्याच दिवसांत नवी पालवी फुटते.

या अळीला विषारी केस नाहीत, तिचे शिंग टोचत नाही आणि ती चावतही नाही. सांभाळावयाचे ते कण्हेरीच्या चिकापासून, म्हणून पाने हाताळल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि लहान मुलांना कण्हेरीऐवजी तगरीचीच पाने तोडू द्यावीत. एक रुंद तोंडाची बरणी, तिच्यावर बांधण्यास जुन्या धोतराचा तुकडा, तळाशी थोडी माती व वाळका पाला आणि रोज सकाळी ताजी पाने, एवढी सामग्री कोणत्याही घरात मिळते. कारवारला बसून बेल यांनी आपल्या ग्रंथातील पाने भरली ती याहून फारशा निराळ्या साधनांनी नव्हे. बरणीतील अळी तपकिरी झाली, की पाने घालणे थांबवावे आणि वाट पाहावी. पंधरा-वीस दिवसांनी एखाद्या रात्री कापडाखाली पंखांची फडफड ऐकू येईल. तेव्हा बरणी अंगणात नेऊन, त्याच तगरीजवळ तिचे तोंड उघडावे.